चढावरचं पाणी

आजीला मुंबईचा इतिहास विचारला की ती बहात्तर सालापासून सुरुवात करायची. त्याआधीची मुंबई तिच्या लेखी नव्हतीच. माण तालुक्यात दुष्काळी कामावर ती खडी फोडायला जायची. खायला सुकडी, रेशनला परदेशातून आलेला लाल मिलो. आडाचा तळ दिसला तेव्हा दोन पोरं घेऊन ती आजोबांच्या मागोमाग घाटकोपरला आली. असल्फ्याच्या टेकडीला तेव्हा दगडखाणी चालू होत्या. आठवड्याच्या आत तिच्या डोक्यावर पाटी आली. "तितं बी खडी, हितं बी खडी. हितं हप्त्याला रोख पैसं, येवढाच फरक," असं ती सांगायची, आणि त्यात तक्रारीचा सूर नसे.

उपनगरांतले रस्ते, पूल, इमारती याच खडीवर उभ्या राहिल्या. अंधेरीची गिल्बर्ट हिल आज एकट्या सुळक्यासारखी दिसते, कारण तिच्या भोवतीचा दगड असाच काढून नेला गेला. खाण दमली की मालक निघून जायचा. मागे राहायचा उभा कापलेला कडा, आणि त्याच्या पायथ्याशी थोडी सपाट जागा. मजूर तिथेच राहिले. चार बांबू, तट्ट्या, वर प्लास्टिक. मग पत्रा. मग एका दिवाळीला एक भिंत विटांची, पुढच्या दिवाळीला दुसरी. आमचं घर पुरं व्हायला वडिलांचं सगळं बालपण लागलं.

पाणी मात्र टेकडीच्या खाली होतं. बायका अंधारात उतरायच्या आणि दोन हंडे, एक कळशी घेऊन चढायच्या. आजीच्या गोष्टींतली निम्मी भांडणं नळावरची, आणि निम्म्या मैत्रिणीही तिथल्याच. मला नंतर कळलं की शहराचं पाणी आमच्या अंगणातूनच जात होतं. विहार तलाव १८६० साली पुरा झाला, तानसाचं पाणी १८९२ साली शहरात आलं. तानसाच्या माणूसभर उंचीच्या जलवाहिन्या मुलुंड, भांडुप, विक्रोळी करत घाटकोपरवरूनच दक्षिणेला जातात. त्यांच्या कडेनेही वस्त्या वाढल्या. सांध्यातून गळेल त्या पाण्यावर तिथे धुणं व्हायचं, पोरं न्हायची. ते गळणं दुरुस्त झालं की बायका हळहळायच्या.

४ जानेवारी १९७६ हा दिवस आजीला तारखेनिशी ठाऊक होता. स्वतःच्या पोरांच्या जन्मतारखा तिला सांगता येत नसत. त्या रविवारी सरकारने मुंबईतल्या झोपड्यांची एका दिवसात मोजदाद केली. घरात माणूस हवं, म्हणून आजोबांनी कुणाला दाराबाहेर जाऊ दिलं नाही. दारावर नंबर पडला. पुढे नवराबायको जोडीने फोटो काढून घेऊन आले आणि फोटोपास मिळाला. लग्नातसुद्धा दोघांचा फोटो निघाला नव्हता. ते आणीबाणीचे दिवस होते. त्याच वर्षी मे महिन्यात ट्रॉम्बेची जनता कॉलनी पोलीस लावून उठवली आणि हजारो माणसं चिता कॅम्पच्या दलदलीत नेऊन टाकली. नंबर कशासाठी, राहू देण्यासाठी की उठवण्यासाठी, हे आमच्या टेकडीवर कुणालाच कळत नव्हतं. तरी आजोबांनी पास प्लास्टिकमध्ये गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवला.

त्या कागदाच्या मागून पाणी वर आलं. घरांनी गट करायचा, अर्ज द्यायचा, एकाच्या नावावर जोडणी घ्यायची. तो नळाचा सेक्रेटरी. बिल त्याने भरायचं, वर्गणी त्याने गोळा करायची, शिव्या त्यानेच खायच्या. आजोबा आठ वर्षं सेक्रेटरी होते. नगरसेवकापेक्षा त्यांना जास्त नमस्कार मिळायचे, असं आत्या अजून सांगते. पुढे सरकारने तारखांच्या रेघा मारल्या, आधी १ जानेवारी १९९५ आणि मग १ जानेवारी २०००. रेघेच्या अलीकडचा पात्र, पलीकडचा अपात्र. अपात्राला नळ नाही, म्हणून तो पात्राच्या नळाला रबरी नळी लावायचा आणि पालिकेच्या दराच्या कितीतरी पट पैसे मोजायचा. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की घर बेकायदा असलं तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही. इतकी साधी गोष्ट कोर्टाला सांगावी लागली.

आता कड्याबद्दल. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझादनगरमध्ये दरड कोसळली, साठाहून जास्त माणसं गेली. पाच वर्षांनी, २६ जुलैच्या पावसात, साकीनाक्याजवळ पुन्हा तेच. वर्तमानपत्रांत निसर्गाचा कोप वगैरे आलं. आजी म्हणाली, "निसर्गाचा कसला? तो कडा आमीच उभा कापल्याला. मालक म्हनायचा, सरळ काढा, माल जास्ती निगतो." पायऱ्या सोडत तिरका काढलेला दगड सहसा सरळ खाली येत नाही, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पावसाळ्याआधी धोक्याच्या नोटिसा मात्र दरवर्षी येतात. त्यांत कुठे जायचं ते लिहिलेलं नसतं.

जलवाहिनीकडेच्या लोकांना जागा मिळाली, पण ती माहुलला. पाइपच्या दोन्ही बाजूंचे दहा मीटर मोकळे करा, असा न्यायालयाचा आदेश होता. त्यानुसार २०१७ पासून विद्याविहार, घाटकोपरकडची घरं पाडून माणसांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारच्या इमारतींत पाठवलं. तिथल्या हवेने आरोग्याला धोका आहे, असं हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. लोक परत येऊन विद्याविहारच्या रस्त्यावर बसले. माहुलला जायची सक्ती नको, भाड्यापोटी महिना १५ हजार द्या, इथपर्यंत येता येता २०१९ उजाडलं. आत्याची विहीण त्यांतलीच. घर पक्कं मिळालं होतं, लिफ्टसकट, पण नातवाचा खोकला थांबेना, असं ती सांगते.

आमच्या टेकडीखालून २०१४ मध्ये मेट्रो धावू लागली. पुढे काही हौशी मंडळींनी गाडीतून दिसणाऱ्या भिंती निळ्यागुलाबी रंगवल्या. लोक फोटो काढायला येऊ लागले, वडापाववाल्याचा धंदा वाढला. छप्परं होती तशीच गळत राहिली. मला तो रंग आवडला, हेही सांगून टाकते.

हल्ली आमच्या चाळीत पुनर्विकासाच्या मीटिंगा चालू आहेत. परिशिष्ट दोन, म्हणजे पात्र रहिवाशांची यादी, लागलं आणि घराघरांत तोंडं फिरली. फोटोपास आजोबांच्या नावाचा, मुलगे तिघे, आणि मिळणार तीनशे चौरस फुटांची एक खोली. धाकटा काका सत्तावीस वर्षं पोटमाळ्यावर संसार करतोय, पण यादीत पोटमाळा धरत नाहीत. थोरल्याने पैसे देतो म्हटलं, धाकट्याने आकडा ऐकला आणि उठून गेला. गेल्या मार्गशीर्षात त्याने टेकडीवर आणखी वर, जिथे पायऱ्या संपतात तिथे, खोली घेतली. पाणी खालच्या गल्लीतून नळीने येतं. काकूला पहाटे साडेतीनला उठावं लागतं, नाहीतर दाब जातो. २०२२ मध्ये पालिकेने सर्वांसाठी पाणी असं धोरण आणलं, त्याच्या आधारावर तिथल्या घरांनी मिळून जोडणीचा अर्ज केलाय. सेक्रेटरी म्हणून काकाचं नाव घातलंय.