रंगाखालच्या पट्ट्या: लाकूड, एमडीएफ आणि पीव्हीसी

तानसाच्या सागवानी जंगलालगत, शहापूर-मुरबाड पट्ट्यात घर बांधणाऱ्याला सारे लाकूडकाम सागवानी असावे असे वाटते. परंतु दाराभोवतीच्या, भिंतीच्या पायथ्याच्या आणि छताकडेच्या नक्षीपट्ट्यांना ऑइलपेंट द्यायचा असेल, तर त्याखाली सागवान दडवणे ही निव्वळ उधळपट्टी होय. सागवान पॉलिशसाठी राखावे. रंगवायच्या पट्ट्यांत निरनिराळी सामग्री खुशाल एकत्र करता येते. मात्र रंगाने सामग्रीतला फरक झाकला जातो, तिची हालचाल थांबत नाही.

पावसाळ्यात लाकूड दमट हवेने रुंदीत फुगते, पुढे आकसते. एमडीएफ एरवी स्थिर असते. पण कापलेल्या कडेतून पाणी शिरले की ती कड फुगते आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. पीव्हीसीला पाणी आणि वाळवी बाधत नाही, तथापि उन्हाने ती लांबीत वाढते. म्हणून लादी रोज पुसली जाते तेथे, जमिनीलगत, पीव्हीसी लावावी. दाराभोवती धक्के बसतात तेथे लाकूड. आणि वर, गळती नसलेल्या भिंतीवर, एमडीएफ.

खरी कसोटी सांध्यांची. एकाच सरळ रेषेत दोन सामग्री जोडल्या, तर लांबी कितीही घोटून भरा, पहिल्या पावसाळ्यानंतर तेथे केसासारखी चीर उमटण्याचा संभव असतो. शिवाय दोन कारखान्यांच्या पट्ट्यांची नक्षी सहसा जुळत नाही, त्यामुळे ४५ अंशांचा कापही फसतो. यावर जुना उपाय ठोकळ्याचा. दाराची पट्टी जमिनीवर उतरते तेथे थोडा जाड पीव्हीसी ठोकळा बसवावा; दोन्ही बाजूंच्या पट्ट्या त्याला टेकून थांबतात आणि जाडीतला फरक नजरेस येत नाही. उरलेली फट ॲक्रिलिक सीलंटने भरावी. सिलिकॉनवर रंग धरत नाही, हे रंगाऱ्याला आठवण करून द्यावे.

एमडीएफच्या कापलेल्या कडांना प्रायमरचे दोन हात हवेत, अन्यथा त्या रंग शोषून निस्तेज दिसतात. गुळगुळीत पीव्हीसीवर आधी बारीक पॉलिश पेपर फिरवावा. शेवटचे दोन हात मात्र सर्वांवर एकाच डब्यातले असावेत.

हे काम पाऊस सरल्यावर, दिवाळीनंतर काढलेले बरे. नव्या गिलाव्याची ओल गेलेली असावी, आणि सुताराने घाई केली तरी पट्ट्या ठोकण्यापूर्वी चार-पाच दिवस त्याच खोलीत ठेवाव्यात.