अजिंठ्याच्या जतनातील अग्रक्रम : पहूरमार्गाच्या संदर्भात

पहूर हे गाव वाघूर नदीच्या काठी वसलेले आहे. हीच नदी वरच्या अंगास, सातमाळ्याच्या डोंगरात, वाघोरा या नावाने ओळखली जाते. आणि नालाकृती वळणाने तिने जो कडा घडविला त्याच्याच कुशीत अजिंठ्याची तीस लेणी कोरलेली आहेत. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली आला; लेणी मात्र निजामाच्या राज्यात राहिली. त्यामुळे ब्रिटिश खानदेशातून लेण्यांकडे निघालेला प्रवासी पहूर सोडून फर्दापूरकडे वळला, की एका राज्याची हद्द ओलांडून दुसऱ्या राज्यात जात असे. ज्यांना या चित्रांची कळकळ होती त्यांच्या हाती सत्ता नव्हती, आणि ज्यांची सत्ता होती त्यांचे लक्ष तिकडे फार उशिरा गेले. जतनाच्या इतिहासात ही गोष्ट विसरून चालत नाही.

२८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीस आलेल्या जॉन स्मिथ या मद्रास सेनेतील अधिकाऱ्याने दहाव्या लेण्याच्या खांबावर आपले नाव कोरले. शोधाची ही नोंद हीच नुकसानीचीही पहिली नोंद होय. पुढील दशकात डॉ. बर्ड यांनी काही आकृती भिंतीवरून सोलून नेण्याचा प्रयत्न केला. त्या हातातच भुगा झाल्या. १८४३ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला आणि चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या प्रतिकृती करून घ्याव्यात असा आग्रह धरला. येथे पहिला अग्रक्रम ठरला : भिंत वाचणे अशक्य आहे असे गृहीत धरून तिची नक्कल वाचवावयाची.

त्यानुसार १८४४ मध्ये मेजर रॉबर्ट गिल यांची नेमणूक झाली. सुमारे वीस वर्षे ते या कामात गुंतले होते. त्यांची बहुतेक चित्रे १८६६ मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळून गेली. गिल १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर भुसावळ येथे आहे. त्यानंतर १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांकरवी पुन्हा प्रतिकृती करविल्या, आणि त्यांचाही मोठा भाग १८८५ च्या लंडनमधील आगीत गेला. जी भिंत टिकणार नाही म्हणून हा सारा खटाटोप झाला ती भिंत उरली आणि सुरक्षित मानलेला कापड-कॅनव्हास जळाला, हा निव्वळ दैवदुर्विलास म्हणून सोडून देता येत नाही. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून नक्कल करताना मूळ भिंतीवर व्हार्निश चढविले गेले. म्हणजे नकलेला दिलेला अग्रक्रम मूळ वस्तूच्या अंगावर उतरला.

या व्हार्निशाचा दोष समजण्यासाठी चित्रांची घडण पाहणे अवश्य आहे. खडबडीत बेसाल्टावर माती, वाळू, तूस व वनस्पतींचे तंतू यांचा जाड गिलावा, त्यावर अधिक बारीक थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि त्या कोरड्या पृष्ठावर सरसासारख्या बंधकात कालविलेले रंग, अशी ही रचना आहे. ओल्या चुन्यात रंग मुरवून घेणाऱ्या इटालियन पद्धतीशी तिचे साम्य नाही. मातीचा गिलावा पावसाळ्यात दमट हवा शोषून फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. वर्षानुवर्षे ही क्रिया चालली की तो दगडापासून सुटतो. वर व्हार्निशाचा ताठ पापुद्रा असल्यास तो या हालचालीबरोबर हलत नाही आणि रंगासकट उचलला जातो. गिलाव्यातील तंतू व तूस किड्यांचे खाद्य होतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आढळले व त्यामुळे तेथे किडीचा उपद्रव कमी राहिला असावा. अजिंठ्यास तसे संरक्षण लाभले नाही.

१९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि गुलाम यझदानी यांच्याकडे त्याची धुरा आली. त्यांची कीर्ती अजिंठ्यावरील ग्रंथांच्या खंडांवर उभी आहे. परंतु जतनाच्या दृष्टीने पाहता खात्याने ढिगारे उपसले, खचलेल्या खांबांना आधार दिला व वाट बांधली, ते काम अधिक मोलाचे मानावे लागेल. ते कोणी पाहावयास जात नाही एवढेच. सुटलेला गिलावा व रंग पक्के करण्यासाठी १९२० ते १९२२ या काळात चेक्कोनी व ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ आणविण्यात आले. त्यांनी पुष्कळ ठिकाणी गिलावा भिंतीशी पुन्हा सांधला, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे; पण त्यांनी वापरलेली लाख कालांतराने पिवळी-तपकिरी पडली आणि पुढील पिढ्यांना ती काढण्याचे काम उरले. १९२३ च्या जतनविषयक नियमपुस्तिकेत जॉन मार्शल यांनी नूतनीकरणापेक्षा आहे ते राखण्यावर जो भर दिला, त्याची कसोटी अजिंठ्याच्या भिंतीवरच लागत होती.

१९५१ च्या कायद्याने संस्थानी प्रदेशातील महत्त्वाची स्मारके राष्ट्रीय महत्त्वाची ठरली व लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. रसायन-शाखेने लाख व काजळी काढण्याचे काम अनेक दशके केले. दहाव्या लेण्यातील प्राचीन चित्रे अलीकडच्या काळात त्यामुळेच पुन्हा दृष्टीस पडली. या यशाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र स्वच्छतेचे काम दिसते, त्याची छायाचित्रे निघतात, आणि म्हणून निधी तिकडे सहज वळतो. कड्याच्या माथ्यावरून झिरपणारे पाणी कोणाच्याही नजरेत भरत नाही.

प्राचीन कारागिरांना हा क्रम ठाऊक होता. याच डोंगररांगेतील पितळखोरा येथे खडकाच्या भेगांतून येणारे पाणी वळविण्यासाठी त्यांनी दगडात पाट कोरले. चौथ्या लेण्याजवळ तर वरचे पाणी पंचफणी नागाच्या मुखांतून बाहेर पडावे अशी योजना केली. १९५० च्या दशकात म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली तेथील ढिगारा काढण्यात आला तेव्हा ही रचना नीट उमगली. शोभा आणि निचरा यांत त्यांनी भेद केला नाही. अजिंठ्याबाबत माथ्यावरील उतार, खडकाचे सांधे व भेगा, मग गिलाव्याची पकड, आणि सर्वांत शेवटी रंगाचे पृष्ठ, हा क्रम सोडून घेतलेला कोणताही निर्णय उलट्या बाजूने चालणारा ठरतो. कारण वरचे पाणी थांबले नाही तर खाली केलेली स्वच्छता पुढच्या पावसाळ्यात वाया जाते.

१९८३ मध्ये अजिंठा जागतिक वारसा यादीत आला आणि प्रश्नाला दुसरे अंग फुटले. श्वासावाटे येणारा दमटपणा, अंगाची उष्णता, पायांची धूळ यांचे माप पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या व सतराव्या या चित्रमंडित लेण्यांत भरते, आणि लोक मुख्यतः त्यांनाच पाहावयास येतात. जपानी कर्जसाहाय्याच्या प्रकल्पातून वाहने फर्दापूरच्या तिठ्यावरच थांबवून पुढील सुमारे चार किलोमीटर नियंत्रित बसगाड्यांची व्यवस्था झाली, ती योग्यच होती. तिच्यामुळे लेण्यांच्या पायथ्याचे विक्रेतेही तिठ्यावर गेले. जतनाच्या हिशेबात त्यांच्या पोटापाण्याचा आकडा धरला जात नाही, ही त्रुटी मान्य करावी लागेल.

आता पुन्हा रस्त्याचाच प्रश्न आहे. पाचोरा–जामनेर ही ५६ किलोमीटरची अरुंदमापी गाडी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झाली. पहूर हे तिच्यावरील स्थानक असल्याने लेण्यांकडे जाणाऱ्यास ते सोयीचे होते. ती २०२० मध्ये थांबली व तिचे रुंदमापी मार्गात रूपांतर करण्याचे ठरले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गास मंजुरी दिली. अजिंठ्याची जोडणी हे त्याचे एक घोषित प्रयोजन आहे. रेल्वेने खानदेशाचे हित होईल यात शंका नाही. परंतु स्थानकाचा आराखडा काढणारे आणि सोळाव्या लेण्यातील आर्द्रता मोजणारे यांची टिपणे एकाच टेबलावर यावयास हवीत. प्रत्येक चित्रलेण्यात ऋतूनुसार किती माणसे किती वेळ थांबू शकतात हा आकडा गाडी सुरू होण्यापूर्वी ठरला, तर त्याप्रमाणे तिकिटे व बसगाड्या आखता येतील. गाडी आधी आली, तर आकडा गर्दी ठरवील.