सांडपाण्यावरचं अळू

अळू हे मुळात दलदलीतलं झाड, सुरणाच्या कुळातलं. कोकणात ते ओढ्याकाठी आपसूक वाढतं, त्याला मुद्दाम पाणी घालावं लागत नाही. पण बीड जिल्ह्यात? वर्षाकाठी साधारण 650 ते 700 मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. इथे अळू जगलं ते माणसाने दिलेल्या पाण्यावर.

आपण अळूचं बी पेरत नाही, कंद लावतो. म्हणजे परसातलं प्रत्येक अळू हे दुसऱ्या कुणाच्या तरी परसातल्या अळूचा तुकडा! त्याचा इतिहास बखरीत सापडायचा नाही. तो पाण्याच्या इतिहासातच शोधावा लागतो.

बीड शहराजवळची खजाना विहीर 1582 च्या सुमारास, मुर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने बांधवली. तिचं पाणी उपसावं लागत नाही. भुयारातून उतारानं ते आपोआप शेतांकडे जातं. पण अशी सोय किती गावांच्या नशिबी? बाकी ठिकाणी शेतात बैलांची मोट आणि घरी बाईच्या डोक्यावरचा हंडा. त्या हंड्यातलं पाणी स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला वापरून झालं की न्हाणीमागे जायचं, आणि तिथे अळू.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही असा दंडक आहे. म्हणून त्या दिवशीच्या भाजीत अळू हवंच. बैलाचे कष्ट लक्षात ठेवणारी ही रीत मला मनापासून आवडते. पण ज्या सांडपाण्यावर ते अळू वाढलं, ते पाणी वाहून आणणारीचे कष्ट या हिशोबात कुठेच नाहीत. गंमत म्हणजे व्रतही तिचंच!

1972 च्या दुष्काळाच्या आठवणी मराठवाड्यात अजून निघतात. 2016 च्या उन्हाळ्यात तर शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा वर्षी सांडायला पाणी उरतंच कुठे? पानावर थेंब ठरत नाही म्हणून आपण ‘अळवावरचं पाणी’ म्हणतो. दुष्काळी गावात मात्र अळवाखालचं पाणीच आधी जातं.

असो. एखाद्या घरामागे हिरवंगार अळू दिसलं, की या घरात वापरून थोडं पाणी उरतंय एवढं नक्की कळतं. ते आणलं कुणी, हेही विचारायला हवं.