पिवळ्या दिव्याची बखर

माणसानं चाक आधी शोधलं आणि ब्रेक नंतर, यातच मानवजातीचा निम्मा इतिहास आला. उरलेला निम्मा इतिहास म्हणजे लावलेला ब्रेक सोडायचा कधी, याचा शोध. ब्रेक दाबायला कुणी शिकवावं लागत नाही. समोर म्हैस आली की पाय आपोआप खाली जातो. तो तसाच खाली ठेवायचा नाही, मध्येच उचलायचा, पुन्हा दाबायचा, पुन्हा उचलायचा, हे ऐन म्हशीच्या तोंडावर सुचायला मात्र ऋषिमुनींचं चित्त लागतं.

पण उचलावा तर लागतो. फिरतं चाक रस्त्याला धरून असतं. गच्च थांबलेलं चाक नुसतं घसरतं. पुढची चाकं अशी घसरायला लागली की स्टिअरिंग डावीकडं फिरवा नाहीतर उजवीकडं फिरवा, गाडी आपली सरळ म्हशीकडंच! पावसाळ्यात उतारावर सायकलचा पुढचा ब्रेक करकचून दाबलेल्या प्रत्येकाला हे शास्त्र ठाऊक आहे. कित्येकांच्या गुडघ्यांवर ते अजून लिहिलेलं आहे.

या शास्त्राची काळजी सगळ्यात आधी विमानवाल्यांना लागली. ओल्या धावपट्टीवर उतरताना चाक अडकलं की टायर फुटायचा, आणि टायर फुटलेलं विमान बाजूला घेऊन हात दाखवण्याची सोय आकाशमार्गानं आलेल्यांना नसते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या डनलॉप कंपनीनं यावर ‘मॅक्सारेट’ नावाचं यंत्र काढलं. त्यात चाकाबरोबर फिरणारी एक छोटी जड चकती असे. चाक एकदम अडकलं तरी चकती आपल्या गुर्मीत पुढं फिरत राही, आणि त्या फरकानं एक झडप उघडून ब्रेकचा दाब कमी होई. चाक सुटलं की दाब पुन्हा चालू. वीज नाही, तार नाही, कॉम्प्युटर नाही. आजीच्या जात्याइतकं साधं काम.

हेच यंत्र १९५८ साली इंग्लंडातल्या रस्ते-संशोधन प्रयोगशाळेनं रॉयल एन्फिल्डच्या सुपर मीटिओर मोटरसायकलवर बसवून पाहिलं. घसरड्या रस्त्यावर गाडी चांगली लवकर थांबू लागली. आनंदीआनंद व्हायला हवा होता. पण कंपनीच्या तांत्रिक प्रमुखांना या प्रकारात काही भविष्य दिसलं नाही, आणि प्रकरण मिटलं. वाचकांनी हे नीट लक्षात ठेवावं. बखरीच्या शेवटी याचा उपयोग आहे.

पुढं १९६६ साली जेन्सन एफएफ या इंग्रजी मोटारीत मॅक्सारेट बसलं. अशा गाड्या विकल्या गेल्या तीनशे वीस. म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी लग्नाला येतात तेवढीच माणसं. मग जर्मन लोक कामाला लागले. १९७० च्या डिसेंबरात मर्सिडीजनं पत्रकारांना बोलावून विजेवर चालणारी पद्धत दाखवली. टाळ्या पडल्या. पण त्या पेटीत हजारभर सुटे भाग होते, आणि हजार जणांनी एकमतानं वागण्याचा अनुभव जगात कुठंच नाही. बॉशच्या इंजिनिअरांनी त्या हजाराचे एकशेचाळीस केले, तेव्हा १९७८ साली ही वस्तू मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत ग्राहकाच्या हाती पडली. किंमत वेगळी, सव्वादोन हजार मार्कांच्या आसपास. टाळ्यांपासून दुकानापर्यंत आठ वर्षं! तीच ही ‘एबीएस’. प्रत्येक चाकाशी दातेरी कडं, त्याच्याजवळ लोहचुंबकाचा सेन्सर, सेन्सर सांगणार चाक किती फिरतंय ते, आणि एखादं चाक अडकू लागलं की मधली पेटी सेकंदाला दहा-पंधरा वेळा दाब सोडणार नि धरणार. ऋषिमुनींची गरज संपली.

राहता राहिला एक प्रश्न. आपल्या वतीनं पाय उचलणारं हे यंत्रच झोपलं तर? इथं आपल्या कथानायकाचा जन्म झाला. एबीएसची पेटी चावी फिरवताच आधी स्वतःचीच परीक्षा घेते. दोन-तीन सेकंद पिवळा दिवा लावते आणि सगळं ठीक असेल तर विझवते. पुढं प्रवासात कधीही स्वतःबद्दल शंका आली, तर पेटी कामातून बाजूला होते, साधे ब्रेक तुमच्या पायाखाली जसेच्या तसे ठेवते आणि दिवा लावून तसं जाहीर करते. चूक झाल्याच्या नुसत्या संशयावरून राजीनामा देणारा आणि तो लगेच प्रसिद्ध करणारा असा दुसरा अधिकारी निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत दिव्याची जोडणी अशी, की पेटी जिवंत आहे तोवर ती दिव्याला विझवून धरते. आपल्याकडं वीज गेली की दिवा जातो. इथं पेटीची वीज गेली की दिवा लागतो.

ऐंशीच्या दशकातल्या मर्सिडीज हे याचं नामांकित उदाहरण. त्यातली डब्ल्यू १२४ ही जात १९९५ पासून आपल्या पुण्यातही जुळवली जाऊ लागली, म्हणून थोडा घरोबा. त्या जुन्या गाड्यांत बॅटरीच्या मागं एक छोटी पेटी असे. जास्त दाबाच्या विजेपासून इतरांना वाचवणारा रिले. डोक्यावर त्याचा स्वतःचा फ्यूज. पाच-पंधरा वर्षं तापून-निवून त्याच्या आतलं सोल्डरिंग तडकतं, वीज अडते, आणि समोर एबीएसचा दिवा लागतो. पेट्रोलच्या गाड्यांत इंजिनही जागच्या जागी लटलटायला लागतं. सेन्सर बदलून झाले, हजारो रुपये गेले, आणि दोष निघाला डोक्यावरच्या फ्यूजमध्ये, अशा कथा या गाड्यांच्या मालकांत पुराणासारख्या सांगतात. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

निदानाच्या शास्त्राचाही इतिहास आहे. सुरुवातीला मल्टीमीटर आणि मेकॅनिकचा स्वभाव, एवढीच साधनं. मग काही जपानी आणि अमेरिकन गाड्यांत अशी सोय आली, की सॉकेटातली दोन टोकं तारेच्या तुकड्यानं जोडायची आणि पिवळा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. जुन्या तारमास्तरांना हे काम फार आवडलं असतं. १९९६ पासून अमेरिकेत सगळ्या मोटारींना एका छापाचं सॉकेट सक्तीचं झालं. पण ती सक्ती होती धुरासाठी, ब्रेकसाठी नव्हे. म्हणून स्वस्तातलं कोड वाचायचं यंत्र जुन्या गाडीला जोडलं, की ते ‘काही दोष नाही’ म्हणून मोकळं होतं आणि त्याच्याच उजेडात एबीएसचा दिवा जळत असतो. दोघंही खरं बोलत असतात. एबीएसचं पोट वाचणारं यंत्र वेगळं घ्यावं लागतं.

आणि ते मिळालं तरी काम संपत नाही. यंत्र सांगतं, ‘सी-००३५’. म्हणजे डाव्या पुढच्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट. ऐकणारा ‘सर्किट’ हा शब्द गिळतो आणि थेट सेन्सर विकत आणतो. अहो, यंत्रानं गल्लीचं नाव सांगितलंय, चोराचं नव्हे! त्या गल्लीत राहतात किती जण? चाक वळताना दर वेळी वाकून आतून तुटलेली तार. सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडी कीस. दातेरी कड्याला गेलेला तडा. आणि नव्या जमान्याच्या गाड्यांत तर बेअरिंग. तिथं दाते नसतात. बेअरिंगच्या एका अंगाच्या सीलमध्येच चुंबक असतो, आणि तो दिसतो दुसऱ्या सीलसारखाच. ते बेअरिंग उलटं बसवलं की चाक सुरेख फिरतं, आवाज नाही, काही नाही. फक्त चुंबक भलत्या दिशेला तोंड करून बसलेला असतो आणि सेन्सरला वाटतं, गाडी उभी आहे.

म्हणून जाणते लोक स्वस्तापासून महागाकडं जातात. आधी बॅटरीचा दाब आणि फ्यूज. मग चारही टायर एका मापाचे आहेत ना. मग चाक उचलून तार डोळ्यांनी पाहायची. मग जुन्या पद्धतीच्या सेन्सरचा रोध मोजायचा, साधारण हजार ओहमच्या आसपास, आणि डाव्याचा उजव्याशी ताडून बघायचा. मीटर लावून चाक हातानं फिरवलं तर थोडी वीजही निघते. मधली महागडी पेटी सगळ्यात शेवटी, कारण तिची किंमत ऐकून माणसं गाडीच विकायला काढतात.

दिव्यालाही कधीकधी फसवलं जातं, हे बखरकारानं प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. २००५ साली जनरल मोटर्सला अमेरिकेत १९९९ ते २००२ सालातल्या लाखो पिकअप आणि तत्सम गाड्या परत बोलवाव्या लागल्या. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात अशा राज्यांतल्या त्या गाड्या. मिठानं सेन्सरखाली गंज धरला, गंज फुगला आणि सेन्सर कड्यापासून दूर सरकला. गाडी हळू झाली की त्या चाकाचा आवाज पेटीला आधी ऐकू येईनासा व्हायचा. पेटी समजायची चाक अडकलं, आणि भल्या हेतूनं ब्रेक सोडायची. ऐन थांबायच्या वेळी! उपाय काय, तर मुख्यतः जागा घासून साफ करायची, गंजरोधक लेप द्यायचा आणि सेन्सर पुन्हा नीट टेकवायचा.

पण दिव्याचे खरे वैरी गंज किंवा मीठ नव्हेत. दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर ‘साहेब, दिवाच काढून टाकू का?’ असं विचारणारा माणूस सगळ्या देशांत आणि सगळ्या भाषांत असतो. कोणी बल्ब काढतो, कोणी काळी टेप चिकटवतो. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीत हा दिवा पाहतात म्हणून तिथले कलावंत आणखी पुढं गेले. त्यांनी त्याची तार ऑइलच्या दिव्याला जोडली. चावी फिरवली की दोघं लागतात, इंजिन चालू झालं की दोघं विझतात. परीक्षक खूश. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही हे आपल्याला ठाऊक असतं. पण ही गाडी विकत घेतलेल्या बापड्याला कोंबडं होतं हेच माहीत नसतं. एबीएस आहे या भरवशावर तो पावसात ब्रेक गच्च दाबून धरतो, आणि गाडी त्याला १९५८ च्या आधीच्या जगात नेऊन सोडते.

पिवळ्या दिव्याजवळ ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर विनोद तिथंच थांबवावा आणि गाडीही. तिथं प्रश्न साध्या ब्रेकचाच असू शकतो.

आता शेवटचं पान. इंग्लंडातली मूळ एन्फिल्ड कंपनी बंद पडली. पण तिची बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली होती, ती टिकली. मग आपल्या सरकारनं कायदा केला. १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं: नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून, बाकीच्यांना एप्रिल २०१९ पासून. मोटारींनाही त्याच सुमारास. ज्यात काही भविष्य नाही म्हणून एन्फिल्डनं नाकारलं, ते भविष्य साठ वर्षांनी कायद्याचा कागद घेऊन तिच्याच दारात उभं राहिलं. आता बुलेटवरही तो छोटा दिवा आहे.

त्या गाड्याही जुन्या होतील, हातोहात विकल्या जातील. घेणाऱ्यानं रंग पाहावा, टायर पाहावेत, किलोमीटरवर विश्वास ठेवू नये. आणि आधी चावी फिरवून पिवळा दिवा लागतो का, आणि स्वतःचा स्वतः, इतरांचा हात न धरता विझतो का, तेवढं बघावं. मोटारीत तीन सेकंदांचं काम आहे. बुलेटला विझण्यापूर्वी चार पावलं चालवावं लागतं. म्हैस त्याहून लवकर येते.