बंद दाराच्या अलीकडे

टाटांच्या विमानसेवेने १९३७ साली मुंबई–दिल्ली मार्ग सुरू केला तेव्हा विमान इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर असे थांबे घेत पुढे जाई. विमाने लहान होती आणि कमाई मुख्यतः टपालाची. टपालाच्या थैल्यांतून जागा उरली तर एखाद-दोन प्रवासी बसत. प्रवाशांची देखभाल करायला वेगळे माणूस नसे. सुरक्षेचा प्रश्न म्हणजे हवामान, इंजिन आणि उतरण्याची जागा. विमानाला धोका त्यात बसलेल्या माणसाकडूनच येऊ शकतो, हा विचार त्या काळच्या नियमांत कुठे सापडत नाही. १९५३ साली हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स आली. भोपाळला मधल्या थांब्यासारखे धरणारी ही टप्प्याटप्प्याची सेवा पुढेही कित्येक वर्षे चालू राहिली, आणि आता विमानात एअर होस्टेस आणि पर्सर असत. त्यांचे काम म्हणजे चहा, गोळ्या, वर्तमानपत्रे आणि पट्टा बांधण्याची आठवण, असेच प्रवासी समजत. कंपन्यांच्या जाहिरातीही तेच सांगत.

विमान सुरक्षेचा इतिहास सांगताना आपण क्ष-किरण यंत्रे, तपासणीच्या रांगा आणि बंदूकधारी जवान यांचाच सांगतो. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. गेल्या पन्नास वर्षांत सुरक्षेचा प्रत्येक नवा नियम आपल्या ओझ्याचा शेवटचा हिस्सा केबिनमध्ये उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यांवर टाकत आला. त्या प्रमाणात त्यांचे अधिकार, वेळ आणि प्रतिष्ठा मात्र वाढली नाही. हे घडले कसे, ते भोपाळसारख्या मधल्या विमानतळांवर अधिक स्पष्ट दिसते, कारण तपासणीची सगळी साखळी जिथे विरळ होते ती जागा मधल्या थांब्याची असते.

सुरुवात ३० जानेवारी १९७१ ची. श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे फॉकर फ्रेंडशिप विमान दोन तरुणांनी लाहोरला नेले. प्रवासी सुटले, विमान जाळले गेले. अपहरणकर्त्यांकडचे पिस्तूल खरे नव्हते आणि हातबॉम्बही लाकडाचा होता. सप्टेंबर १९७६ मध्ये दिल्लीहून मुंबईला निघालेले बोइंग असेच लाहोरला गेले. पांडे समितीच्या शिफारशींवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेचा स्वतंत्र कक्ष निघाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कलकत्त्याहून लखनौमार्गे दिल्लीला जाणारे विमान दोघा तरुणांनी वाराणसीला उतरवले. मागणी होती इंदिरा गांधींच्या सुटकेची आणि हातात होते खेळण्यातले पिस्तूल. १९७१ आणि १९७८ च्या घटना एकत्र ठेवल्या की एक गोष्ट समजते. केबिनमधल्या माणसाला शस्त्र खरे की खोटे हे ठरवायला ना वेळ असतो ना साधन. म्हणून ते खरेच धरून चालायचे, शांत राहायचे, अपहरणकर्त्याचे ऐकायचे आणि विमान सुखरूप जमिनीवर आणायचे, असे धोरण जगभर रूढ झाले. त्या धोरणात केबिन कर्मचाऱ्याची भूमिका निरोप्याची होती: मागून आलेला शब्द पुढे वैमानिकाला सांगायचा, पुढून आलेला मागे.

याच काळात हे कर्मचारी कोण आहेत याबद्दल देशाचे मत काय होते, याचा एक लेखी पुरावा आहे. एअर इंडियाच्या सेवानियमांनुसार एअर होस्टेसला पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हावे लागे, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर नोकरी जाई आणि पहिल्या गरोदरपणात तर जाईच. नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९८१ रोजी गरोदरपणाची अट आणि पस्तिशीनंतर मुदतवाढ द्यायची की नाही हे ठरवण्याचा व्यवस्थापनाचा अनिर्बंध अधिकार रद्द केला, पण लग्नाची अट कायम ठेवली. जिच्याकडे आणीबाणीत विमान रिकामे करण्याची जबाबदारी आहे, तिचा अनुभव पस्तिशीत टाकून द्यायला हरकत नाही, असा त्या सेवानियमांचा अर्थ. हा निकाल लागून महिना होतो न होतो तोच, २९ सप्टेंबरला, दिल्ली–श्रीनगर विमान कृपाणधारी अपहरणकर्त्यांनी लाहोरला नेले. नोव्हेंबरमध्ये तर मुंबईकडे येणारे एअर इंडियाचे बोइंग सेशेल्समधल्या माहे बेटावर चालू चकमकीत उतरले. बंड फसल्यावर पळ काढणाऱ्या माइक होअरच्या भाडोत्री सैनिकांनी ते डर्बनला न्यायला लावले. कॅप्टन उमेश सक्सेना यांचे नाव तेव्हा गाजले, आणि ते योग्यच होते. सशस्त्र सैनिक, त्यांचे दारूगोळ्याचे ओझे आणि घाबरलेले प्रवासी यांच्यामध्ये रात्रभर फिरणाऱ्या केबिन कर्मचाऱ्यांची नावे मात्र फारशी कुणाला ठाऊक नाहीत. पुढच्या वर्षी, १९८२ मध्ये, अपहरणविरोधी कायदा झाला. त्यात गुन्हेगाराला शिक्षा होती. केबिनमधल्या माणसाच्या कामाची व्याख्या नव्हती.

आता मधल्या थांब्याकडे येतो, कारण माझ्या मते या इतिहासातला सर्वांत कमी बोलला गेलेला भाग तोच आहे. जून १९८५ मध्ये एअर इंडियाचे 'कनिष्क' आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ स्फोटाने कोसळले आणि ३२९ माणसे गेली. बॉम्बची बॅग विमानात होती, बॅगेचा मालक नव्हता. त्यानंतर १ एप्रिल १९८७ रोजी नागरी विमान सुरक्षा ब्युरो स्वतंत्र खाते झाले. विमानाच्या पोटातल्या सामानाची ओळख पटवण्याची पद्धतही आपल्याकडे आली. विमानाच्या शिडीपाशी रांगेत ठेवलेल्या बॅगांतून आपली बॅग दाखवल्याशिवाय ती चढत नसे, हे त्या काळातल्या प्रवाशांना चांगले आठवत असेल. पण केबिनमधल्या सामानाचे काय? २९ नोव्हेंबर १९८७ रोजी कोरियन एअरचे विमान अंदमानच्या समुद्रावर फुटले आणि त्यातले सर्व ११५ जण गेले. रेडिओ आणि दारूच्या बाटलीत दडवलेला बॉम्ब दोघा उत्तर कोरियाई हस्तकांनी डोक्यावरच्या कप्प्यात ठेवला होता, आणि ते दोघे अबुधाबीच्या थांब्यावर उतरून गेले होते. पुढच्या टप्प्याला विमान निघाले तेव्हा मालक नसलेली पिशवी वर तशीच होती. मुंबई–इंदूर–भोपाळ–ग्वाल्हेर–दिल्ली या मार्गाची रचना हुबेहूब अशीच होती. भोपाळला काही प्रवासी उतरत, काही नवे चढत, बाकीचे बसून राहत. बसलेल्या प्रत्येकाकडून आपापले हातसामान ओळखून घ्यायचे, रिकाम्या जागांच्या खिशांत आणि आसनांखाली पाहायचे, शौचालय आणि गॅली तपासायची, आणि हे सगळे दार पुन्हा बंद होण्याआधी. विमानतळावरचा पोलीस कितीही दक्ष असला तरी आधीच्या थांब्यापासून कोण कुठे बसले होते हे त्याला माहीत नसते. ते फक्त केबिन कर्मचाऱ्याला माहीत असते. प्रवाशांना हा सोपस्कार कंटाळवाणा वाटे, आजही वाटतो. पण ११५ माणसांच्या मृत्यूनंतर त्याला सोपस्कार म्हणता येत नाही.

कराचीत याच्या आधी एक वर्ष जे घडले त्याने पुढच्या काळाची दिशा दाखवली होती. ५ सप्टेंबर १९८६ रोजी पॅन ॲमचे मुंबईहून निघालेले विमान कराचीला उभे असताना विमानतळाच्या सुरक्षा रक्षकांच्या वेशातले चार हल्लेखोर आत घुसले. केबिनमधून इशारा मिळताच वैमानिक कॉकपिटच्या छतातल्या आपत्कालीन वाटेने बाहेर पडले. हे पळणे नव्हते. वैमानिकच नाहीत म्हणून विमान उडू शकले नाही आणि हल्लेखोरांचा बेत तिथेच अडकला. पण त्या क्षणापासून जवळजवळ सतरा तास केबिन फक्त केबिन कर्मचाऱ्यांच्या हाती होती. नीरजा भनोत आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी प्रवाशांचे पासपोर्ट दडवले, जेणेकरून निवडून मारणे शक्य होऊ नये. गोळीबार सुरू झाल्यावर दारे उघडून माणसे बाहेर काढली. तेविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले असताना नीरजा गेली. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. आपण तिला शौर्यकथेत बसवले आणि तिथेच थांबलो. मला त्या सतरा तासांत शौर्याइतकेच काम दिसते: इशारा देणे, माहिती लपवणे, वेळ काढणे, वाट मोकळी करणे. ही चारही शिकवता येणारी कौशल्ये आहेत, आणि त्यांच्यावर शेकडो माणसांचे जगणे अवलंबून होते.

डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारे आयसी ८१४ अमृतसर, लाहोर, दुबई असे करत कंदाहारला गेले. अमृतसरला ते पाऊण तासाच्या आसपास उभे होते आणि त्या वेळात निर्णय झाला नाही. त्यानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवायला सुरुवात झाली. पहिले जयपूर, फेब्रुवारी २००० मध्ये. अपहृत विमान मोठ्या शहरातच उतरेल असे नाही, हे वाराणसी आणि अमृतसर यांनी शिकवले, म्हणून भोपाळच्या राजा भोज विमानतळावरही अपहरणविरोधी सराव होतात. मग ११ सप्टेंबर २००१ आले आणि ऐकून घेण्याचे जुने धोरण एका सकाळीत कालबाह्य झाले. त्या सकाळी अमेरिकन एअरलाइन्सच्या ११ क्रमांकाच्या विमानातून बेटी ऑन्ग आणि एमी स्वीनी या दोन कर्मचाऱ्यांनी जमिनीवर फोन करून अपहरणकर्त्यांचे आसनक्रमांक कळवले. हल्लेखोर कोण आहेत याचा पहिला धागा तोच. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नोव्हेंबर २००३ पासून साठांहून अधिक आसनांच्या प्रवासी विमानांत कॉकपिटचे दार गोळीला दाद न देणारे आणि आतून बंद राहणारे झाले. आज भोपाळला येणाऱ्या एटीआर विमानांनाही तेच लागू आहे.

त्या दाराने वैमानिक सुरक्षित झाले, आणि विमानही. त्याबरोबर केबिन कर्मचारी मात्र दाराच्या अलीकडे एकटे राहिले. पूर्वी मदत मागता येत असे. आता केबिनमध्ये काहीही झाले तरी दार उघडायचे नाही, हाच नियम आहे आणि तो बरोबर आहे. पन्नास आसनांमागे एक कर्मचारी या हिशेबाने एटीआरमध्ये दोनच जण असतात. वैमानिक बाहेर येतो तेव्हा वाटेत ट्रॉली आडवी लावून एक जण उभा राहतो. अमेरिकेने २०२३ मध्ये नव्या विमानांसाठी कॉकपिटपुढे दुसरा अडथळा सक्तीचा करणारा नियम केला. म्हणजे वीस वर्षे तो दुसरा अडथळा माणसाच्या शरीराचा होता, हे त्या नियमानेच मान्य केले.

यावर पहिला आक्षेप असा की अपहरणे थांबली ती जमिनीवरच्या तपासणीने. केबिनला त्याचे श्रेय कशाला? तपासणीचे महत्त्व मी नाकारत नाही. पण डिसेंबर २००१ मध्ये पॅरिस–मायामी विमानात बुटात स्फोटके घेऊन बसलेला माणूस तपासणीतून पार होऊन आला होता, आणि काडी ओढताना त्याला पकडले ते दोन फ्लाइट अटेंडंटांनी, मग प्रवाशांनी. दुसरा आक्षेप स्काय मार्शलचा. कंदाहारनंतर आपल्याकडे ते आले, पण प्रत्येक उड्डाणात ते नसतात आणि नसणारच. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चहा देणाऱ्या मुलामुलींना पोलीस बनवले तर संशयाने प्रवाशांना छळतील, किंवा धाडस करून सगळ्यांना मारतील. ही भीती खरी आहे, पण ती कामाच्या चुकीच्या कल्पनेतून येते. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबई–दिल्ली विमानाच्या शौचालयात अपहरणाची धमकी असलेली चिठ्ठी एका कर्मचाऱ्याला सापडली. कॅप्टनला कळवले गेले आणि विमान अहमदाबादला उतरले. संबंधित प्रवाशाला २०१९ मध्ये झालेली जन्मठेप गुजरात उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केली. दोषी कोण हे न्यायालयाने ठरवायचे. चिठ्ठी सापडल्यावर काय करायचे हे केबिनने ठरवायचे. या दोन कामांत गल्लत न करणे हेच प्रशिक्षण. कर्मचाऱ्याने माणसावर संशय घ्यायचा नसतो. जागा, सामान आणि वागणूक यांतला बदल टिपायचा आणि सांगायचा असतो.

अधिकाराचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. २०१७ मध्ये उस्मानाबादच्या तत्कालीन खासदारांनी एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला दिल्लीत मारहाण केली. त्यानंतर बेशिस्त प्रवाशांसाठी तीन पायऱ्यांची बंदी आली: शाब्दिक गैरवर्तनाला तीन महिन्यांपर्यंत, शारीरिक गैरवर्तनाला सहा महिन्यांपर्यंत, जिवाला धोका निर्माण केला तर किमान दोन वर्षे. पण डिसेंबर २०१९ मध्ये दिल्लीहून भोपाळला येणाऱ्या विमानात आपत्कालीन ओळीतल्या आसनावरून भोपाळच्या तेव्हाच्या खासदार आणि कर्मचारी यांच्यात वाद झाला, उड्डाण खोळंबले, प्रवासी चिडले आणि तक्रार भोपाळच्या विमानतळावर पोचली. आसन बदला, ही विनंती कर्मचाऱ्याची मर्जी समजली जाते की नियमाचा शब्द, हा तिथला खरा मुद्दा. आपल्याकडे अजूनही ती मर्जी समजली जाते, प्रवासी खासदार असो वा नसो. मधल्या थांब्यावर केबिन तपासणे आणि केबिन झाडणे ही दोन कामे स्वस्त सेवांत त्याच माणसांना त्याच मिनिटांत करावी लागतात. उशीर झाला तर विचारणा होते ती उशिराची, तपासणीची नाही. तपासणीसाठी वेगळा वेळ वेळापत्रकात राखून ठेवा, त्या वेळाचे पैसे द्या, आणि ती अपुरी वाटली तर उड्डाण थांबवण्याचा शब्द केबिन प्रमुखाला द्या, इतके सुरक्षा ब्युरोला आणि कंपन्यांना आजच्या नियमांच्या चौकटीतच करता येईल.