बारीक सोने आणि पारा

२४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियात सोने सापडले, ही घटना सर्वपरिचित आहे. तेथील सुवर्णशोधाचा इतिहास मात्र केवळ लोकस्थलांतराचा नसून एका तांत्रिक अडचणीचाही आहे. सोन्याचे विशिष्टगुरुत्व १९.३, तर धुतल्यावर परातीत उरणाऱ्या काळ्या वाळूचे सुमारे ५. म्हणून जाड कण सहज वेगळे होत. परंतु पिठासारखे चपटे कण पाण्यावर तरंगून वाहून जात. यास्तव लाकडी पन्हळीत पारा घालण्याची पद्धत रूढ झाली. पारा सोने धरून ठेवी. पुढे ते मिश्रण तापवून सोने निराळे करीत. न्यू अल्मादेनच्या खाणीत पारा विपुल होता. १८५३ पासून पाण्याच्या झोताने टेकड्या फोडण्यास प्रारंभ झाला. वाळूतील या सोन्यापायी एकंदर सुमारे ४,५०० टन पारा निसटला, असा अमेरिकी भूवैज्ञानिकांचा अंदाज आहे. १८८४ साली न्यायाधीश सॉयर यांनी खाणींचा राडारोडा नद्यांत सोडण्यास मनाई केली. तिचा रोख मात्र शेती व जलमार्ग बुजविणाऱ्या गाळावर होता. आज ओढ्यांत हौसेने सोने धुणाऱ्यांना पाऱ्याचा पांढरा लेप चढलेले कण आढळतात, ते याच काळाचे अवशेष होत. सुवर्णोत्पादनाचे आकडे मांडताना इतिहासकाराने हा पाराही हिशेबात धरणे अगत्याचे आहे.