लाईट यवतची गेली, काम पुण्यात मेलं!

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, शेवटी आजचा रविवार सत्कारणी लावतोय.

तर मंडळी, गेल्या हिवाळ्यात यवतला गावी गेलो होतो. ज्यांना यवत माहीत नाही त्यांच्यासाठी : पुणे-सोलापूर रस्त्यावरचं, दौंड तालुक्यातलं गाव. भुलेश्वरला जाताना बरेच जण इथूनच वळतात. आजूबाजूला ऊस आणि गुऱ्हाळं. आमच्या काकांचंही एक आहे.

शनिवारी रात्री पुण्यातल्या एका सर्व्हरवर डेटा दुरुस्तीची स्क्रिप्ट चालवायची होती. सोमवारी एका क्लायंटकडचे पगार व्हायचे होते आणि पगाराच्या टेबलात काही घोळ झाला होता. काम पाचेक तासांचं. एसएसएचने लॉगिन केलं, स्क्रिप्ट सोडली, जेवायला बसलो. दीड-दोन तासांनी लाईट गेली. राऊटर बंद, कनेक्शन तुटलं. मोबाईलवरून परत लॉगिन करून बघतो तर स्क्रिप्ट गायब! अर्ध्या ओळी दुरुस्त, अर्ध्या तशाच, आणि कुठल्या कुठल्या ते कळायला मार्ग नाही. पगार दोन दिवस उशिरा झाले. मेलमध्ये मी लिहिलं, "गावी वीज गेल्यामुळे काम अपूर्ण राहिले." सगळ्यांनी समजूनही घेतलं.

फक्त काकांनी विचारलं, "अरे, लाईट यवतची गेली ना? मशीन तर पुण्यात आहे म्हणतोस. मग काम कसं मेलं?"

च्यायला, प्रश्न बरोबर होता. आणि त्याचं उत्तर शोधायला लागलो तर थेट १८७४ पर्यंत मागे जावं लागलं.

मल्टिप्लेक्स म्हटलं की आपल्याला पॉपकॉर्न आठवतो, पण शब्द तारायंत्राच्या काळातला. तार ओढणं महाग, आणि एका वेळी एकच संदेश जायचा. फ्रान्सच्या एमील बोदोने १८७४ मध्ये असं यंत्र केलं की चार-सहा ऑपरेटर आळीपाळीने एकच तार वापरतील. फिरता ब्रश प्रत्येकाला क्षणभर तार द्यायचा आणि पुढे सरकायचा. मोडेमचा वेग ज्यात मोजायचे ते 'बॉड' याच बोदोच्या नावावरून आलं. पुढे टेलिप्रिंटर आले. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्स जन्मलं तेव्हा माणूस मशीनशी बोलायचा तो टेलिटाईपवरून. आजही लिनक्समध्ये टर्मिनलला 'टीटीवाय' म्हणतात, ते त्या टेलिटाईपचंच लघुरूप.

आता काकांच्या प्रश्नाकडे. दूरचे टर्मिनल फोनच्या लाईनवरून जोडलेले असायचे. लाईन तुटली याचा अर्थ मशीनने एकच लावला : माणूस फोन ठेवून गेला. मग त्याची कामं चालू ठेवून महागडं मशीन कशाला अडवायचं? म्हणून युनिक्स त्या टर्मिनलच्या शेलला एक सिग्नल पाठवतं, शेल तो आपल्या कामांना पोचवतो आणि कामं मरतात. सिग्नलचं नाव 'सिगहप', म्हणजे 'हँग अप', फोन ठेवणे. आज फोनची लाईन नाही, पण ती समजूत तशीच आहे. यवतचा राऊटर बंद पडला, पुण्याच्या सर्व्हरला वाटलं साहेब फोन ठेवून गेले!

ज्यांनी व्हीएसएनएलचा जमाना पाहिलाय त्यांना हे नवीन नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे सार्वजनिक इंटरनेट सुरू झालं, तेव्हा अनेकांच्या नशिबी शेल अकाउंट होतं : काळा पडदा, अक्षरं आणि मोडेमची किंचाळी. बाहेरच्या खोलीत कोणी फोन उचलला की पडद्यावर 'नो कॅरिअर' :-)

यावर उपाय जुनेच. 'नोहप' ही कमांड सत्तरच्या दशकातली. कामाला सांगायचं की फोन ठेवल्याचा सिग्नल आला तर दुर्लक्ष कर. काम जगतं, पण त्याच्याशी परत बोलता येत नाही. १९८० च्या सुमारास बीएसडी युनिक्समध्ये जॉब कंट्रोल आला, कंट्रोल-झेड दाबून काम बाजूला ठेवता येऊ लागलं. पण पडदा एकच.

मग १९८७ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोर्मान यांनी 'स्क्रीन' लिहिला. एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनल. बोदोच्या तारेसारखंच! पण माझ्या मते खरी जादू 'डिटॅच'ची. स्क्रीन मध्ये बसून तुमच्या शेलला खोटं टर्मिनल देतो. शेल त्या खोट्या टर्मिनलला बांधलेला, तुमच्या लाईनला नाही. लाईन तुटली तर फक्त तुमची खिडकी बंद होते. परत या, जोडा, सगळं जिथल्या तिथे.

निकोलस मॅरियट यांनी २००७ मध्ये 'टीमक्स' सुरू केला. २००९ मध्ये तो ओपनबीएसडीच्या मूळ संचात गेला. स्क्रीनची कळ कंट्रोल-ए आणि टीमक्सची कंट्रोल-बी का? तर टीमक्सचा पहिला नमुना स्क्रीनच्या आत बसूनच लिहिला गेला, दोघांची भांडणं नकोत म्हणून! पुढे २०१९ च्या रेड हॅट ८ मधून स्क्रीन वगळला गेला, टीमक्स राहिला. स्क्रीन मेला मात्र नाही, २०२४ मध्ये त्याची पाचवी आवृत्ती आली.

आणि जुनी समजूत? तीही मेली नाही. २०१६ मध्ये सिस्टिमडीने ठरवलं की माणूस लॉगआऊट झाला की त्याची सगळी कामं मारायची. टीमक्ससकट! केवढा आरडाओरडा झाला तेव्हा. डेबियनने तो नियम मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवला. माणूस गेला की नुसता बाजूला झाला, हे मशीनने कसं ओळखायचं हा वाद अजून मिटलेला नाही.

मुद्दा असा की माझ्या मेलमधलं वाक्य खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. त्या सर्व्हरवर टीमक्स होता. चार अक्षरं टाईप करायचा कंटाळा केला, एवढंच. अर्थात टीमक्स म्हणजे अमरपट्टा नव्हे, सर्व्हरच रिबूट झाला तर तोही जातो. स्क्रिप्ट मधूनच परत सुरू करता येईल अशी लिहायला हवी होती, तीही चूक माझीच.

मागच्या महिन्यात काकांना हे सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "रस उकळत असताना गुळव्या काहिलीपासून हलत नाही. हलायचंच असलं तर दुसऱ्याला उभं करून जातो. तू कुणालाच न सांगता जेवायला गेलास."

क्लायंटला मी सोमवारी दुसरा मेल पाठवला. त्यात विजेचा उल्लेख नव्हता.

असो. पुढच्या रविवारी भेटूच.